आधी कॉक, मग चहा

नानांच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला लगेच चहा मिळत नाही. तो टेकायच्या आत नाना त्याला बंगल्याच्या मागच्या अंगाला नेतात, तुळशीवृंदावनाशेजारी गुडघ्यावर हात ठेवून वाकतात, सिमेंटचं झाकण बाजूला सारतात आणि खड्ड्यातला पितळी कॉक दाखवतात. "हा मेन. उजवीकडं फिरवला की बंद. फिरवा, फिरवा, लाजू नका." पाहुणा फिरवतो. नव्या जावयाने फिरवलाय, विमा एजंटाने फिरवलाय, सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी तर सोवळ्यात फिरवलाय. "उद्या आम्ही घरात नसलो आणि पाईप फुटला, तर कोणाला तरी ठाऊक हवं!" नाना घरात नसताना विमा एजंट तिथे काय करत असेल, हे अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं तरी उत्तर ठरलेलं आहे : "पाणी सांगून येत नाही."

कुलूप लावून फाटकापर्यंत गेल्यावर परत येऊन ते ओढून बघणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो. गॅसचं बटण बंद आहे का, हे बघायला एसटीतून उतरलेले लोकही मी पाहिले आहेत. नाना त्याच पंथाचे. त्यांचं दैवत तेवढं पाणी.

याला कारण आहे. नानांची सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात, कुकडीच्या कालव्यावर गेली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे अशी पाच धरणं आणि येडगावातून निघून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट करमाळ्याकडे जाणारा डावा कालवा. उन्हाळी आवर्तन सुटलं की शेपटाकडच्यांना पाणी पोचेपर्यंत वरच्यांनी ते उपसायचं नाही, असा नियम. आणि वरच्यांनी रात्री तो मोडायचा, अशी रीत. नाना मोटरसायकलवरून गस्तीला निघत. ठरावीक जागी इंजिन बंद करायचं, बॅटरी विझवायची आणि भरावावर नुसतं उभं राहून ऐकायचं. दार कोणी दोन बोटं जास्त उचललं, कोणी कालव्यात पाईप टाकलाय, हे ते म्हणे पाण्याच्या आवाजावरून सांगत. आमच्याकडच्या उसात रात्री बिबट्या बसलेला असतो, हे लक्षात घेतलं तर त्या ऐकण्याला किती एकाग्रता लागत असेल, याची कल्पना येईल.

पुढे खात्याने नानांना निवृत्त केलं, कानांना करायचं राहून गेलं.

एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. असल्या मापात पस्तीसेक वर्षं वावरलेला माणूस नारायणगावच्या बंगल्यात येऊन बसला आणि त्याच्या ताब्यात उरली छपरावरची हजार लिटरची टाकी. मग हिशेब थेंबांवर आला. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४००. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरच्या वर. हे गणित नाना जेवणाच्या ताटावर बोटाने मांडून दाखवतात. काकू म्हणतात, "अख्खा कालवा पाझरत होता तेव्हा 'वहनव्यय' लिहून मोकळे व्हायचे. आता माझ्या मोरीत थेंब पडला की पंचनामा!"

तरी हे सगळं नुसत्या कानांवर चाललं होतं. यंत्रं घरात आली ती फेब्रुवारी २०२१ नंतर. नानांची मुलगी टेक्सासमध्ये, ऑस्टिनला असते. तिथे त्या आठवड्यात न भूतो असा गारठा पडला, वीज गेली आणि घरोघरचे पाईप फुटले. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, त्याला पाईप काय करणार! तिकडे पुष्कळ घरांत नळ पोटमाळ्यावरून खेळवलेले असतात, म्हणजे फुटला की छतासकट खाली. ताईने फोन केला तेव्हा दिवाणखान्यात पाऊस चालू होता. नाना इकडून ओरडत होते, "मेन बंद कर, मेन!" आणि ताई तिकडून विचारत होती, "बाबा, मेन म्हणजे कुठे असतो?" पुढचे काही दिवस तिने अंगणातला बर्फ वितळवून संडासात ओतला. स्वतःच्या पोटच्या मुलीला मेन कॉक ठाऊक नसावा, हा घाव नाना विसरले नाहीत. पाहुण्यांचं शिक्षण तेव्हापासून सुरू झालं.

ताईने मग घरभर गळतीचे आणि गारठ्याचे सेन्सर बसवले आणि पुढच्या खेपेला एक जास्तीचा संच बाबांसाठी आणला. बायका सोन्याच्या बांगड्या हाताळतात तसे नाना ते सपाट डबे हातात घेऊन उलटसुलट करत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक उघडून बघितला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः बनवायला घेतला. गोष्ट फार अवघड नाही. दोन उघड्या तारा बोटभर अंतरावर ठेवायच्या. मध्ये पाणी आलं की त्यातल्या क्षारांमुळे किंचित वीज वाहते, बीसी ५४७ नावाचा दोन-चार रुपयांचा ट्रान्झिस्टर ती वाढवतो आणि बझर बोंबलतो. वर नऊ व्होल्टची बॅटरी. निव्वळ शुद्ध पाण्यावर असला बझर नीट वाजत नाही. "आपल्या बोअरच्या पाण्याला जन्मात कोणी चांगलं म्हटलं नाही," नाना म्हणाले, "पण वाजवतं बघा कसं!"

आता सिंकखाली एक, मोरीत एक, फ्रीजमागे एक, वॉशिंग मशीनपाशी एक, देवघरात अभिषेकपात्राखालीसुद्धा एक आहे. टाकी भरली की छपरावरून एक हिंदी बाई मोटर बंद करण्याची विनंती करते. शेजारची पोरं तिला साथ देतात. लादी पुसायला येणाऱ्या मावशींनी पहिल्या आठवड्यात काम सोडायची धमकी दिली, कारण फडकं फिरेल तिथे भोंगा व्हायचा. आता त्या आल्या आल्या सगळे सेन्सर गोळा करून खिडकीत मांडतात आणि जाताना तिथेच विसरतात. नाना काही न बोलता ते परत जागच्या जागी ठेवतात आणि प्रत्येकाला ओलं बोट लावून बघतात. म्हणजे पूर्वी ते नळ तपासत, आता नळ तपासणारी यंत्रं तपासतात. शिवाय नळही तपासतातच. यंत्रावर सगळं सोडून कसं चालेल?

रोज सकाळी सहाला नोंद. कालव्यावरच्या गेज रजिस्टरसारखी वही आखलेली आहे : ठिकाण, वेळ, स्थिती, शेरा. स्थितीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'निरंक'. मी एकदा म्हटलं, "नाना, काहीच होत नसेल तर रोज कशाला लिहायचं?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "निरंक हीसुद्धा माहिती आहे."

त्यांच्याबरोबर शिवनेरीला गेलात तर शिवजन्मस्थानी हात जोडून झाल्यावर ते गंगा-जमुना टाक्यांपाशी रेंगाळतात. कातळात कोरलेली टाकी. "जोडच नाही, तर गळेल कुठून!" असं म्हणून ते तिथून हलत नाहीत, बाकीचे खाली पार्किंगमध्ये भेळ खाऊन संपवतात.

एक धास्ती मात्र त्यांना खरोखर होती. खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आकाशातल्या अतिक्षीण रेडिओलहरी ऐकणाऱ्या. आपल्या वायफायवरच्या सेन्सरांचा त्यांना उपद्रव तर होत नसेल? २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं. शाळेच्या पोरांच्या रांगेत नाना उभे राहिले आणि नंबर आल्यावर तिथल्या एका तरुणाला त्यांनी हा प्रश्न केला. तो म्हणाला, "काका, आम्ही ऐकतो त्या पट्टीच्या तुमचं वायफाय बरंच वर आहे." नाना निवांत झाले. परत येताना म्हणाले, "मुलगा बरा आहे. ऐकणाऱ्या लोकांतला आहे."

राहिला गारठ्याचा सेन्सर. तो चार अंशांना वाजायचा आणि नारायणगावात घराच्या आत चार अंश कधी होणार? नानांनी तो दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून वाजवून घेतला; मग काकूंनी तो बाहेर काढला. अखेर येडगावच्या बाजूला भाच्याची द्राक्षबाग आहे, तिथे वस्तीवरच्या वायफायच्या टप्प्यात एका वेलीवर तो लटकला. थंडीत पारा घसरला की मणी फुगायचे थांबतात, कधी तडकतात. मग बागायतदार पहाटे ठिबक सोडतात, ओळींमधून शेकोट्या पेटवतात. ताईने ऑस्टिनहून मोबाईलवरच आकडा आठ अंशांवर आणून ठेवला. फक्त निरोप जायचा तो तिच्याच मोबाईलवर.

जानेवारीत एका पहाटे पाचला भाच्याचा फोन खणाणला. ऑस्टिनला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. "दादा, बागेत साडेसात अंश झालंय. जाळ केलास का?" दुसऱ्या पहाटे पुन्हा. तिसऱ्या पहाटे साहेब मफलर गुंडाळून, डोळे लाल, नानांच्या दारात.

"मामा, थंडी माझ्या बागेत, भोंगा अमेरिकेत आणि झोप मोडती माझी. ते काढा आधी."

"जाळ केलास ना पण?"

"केला. करणार नाय तर काय! ती फोनच ठेवत नाय."

नाना वही घेऊन आले. 'येडगाव. पहाटे ५.१०. ७.५ अंश. शेरा : कार्यवाही झाली.' एवढ्या महिन्यांत निरंक सोडून पडलेली पहिली नोंद त्यांनी दोनदा वाचून दाखवली. भाचा काही बोलला नाही. चहा प्याला, गाडीला किक मारली, मग इंजिन बंद करून म्हणाला,

"खालच्या अंगाला थंडी जास्त बसती मामा. ओढ्याकडं. तिकडं लावायला अजून एक हाये का?"