कायद्याचा दीड मीटर डोळा

भवानीनगरात हल्ली रात्री कुणी कुणाला ओळखत नाही. समोरच्या गाडीत साडू आहे की सावकार, हे ती शेजारून निघून गेल्यावर हॉर्नवरून ताडायचं. तोवर डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे गोळे नाचत असतात आणि आपण कालव्याच्या बाजूला आहोत की उसाच्या, हे चाकाखालची माती सांगते.

याला ‘लाईट बदलली’ असं म्हणतात.

एका गाडीमालकाने परवा ती बदलली. खोक्यावर ‘२०० वॅट’ असं छापलेलं होतं, म्हणजे ते खरंच असणार. कंपनीतून आलेला हॅलोजन बल्ब बिचारा अप्परला ६० आणि डिप्परला ५५ वॅटचा. पण त्या बल्बच्या पोटात डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. उजेड परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. कारण तिथून उसळलेला किरण वर जातो, समोरच्याच्या डोळ्यात. झारीतल्या शुक्राचार्यासारखी ही वाटी वाट अडवून बसलेली असते. फरक एवढाच, की शुक्राचार्यांचा स्वतःचा डोळा गेला, ही समोरच्याचा वाचवते. नव्या एलईडीतही तशी वाटी दाखवायला असते. पण हॅलोजनची तार जिथे असते नेमकं तिथेच एलईडीची चिप बसायला हवी. मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की डिप्परचा काठ विस्कटतो आणि उजेड बाभळीच्या शेंड्यावर जातो. त्यामुळे या भागातल्या बाभळींचे शेंडे सध्या उत्तम दिसतात. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल तसं म्हणता येत नाही.

आता कायदा. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६वा नियम म्हणतो, की दिव्याचा झोत कायमचा खाली झुकलेला, नाहीतर चालकाला खाली झुकवता येणारा हवा. किती, तर दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपणार नाही इतका. काय तो नेमका डोळा! सरकारने उभ्या देशासाठी एक डोळा कल्पिला, त्याला जागा नेमून दिली, उंची ठरवून दिली, आणि १९८९पासून तो तिथे तिष्ठत उभा आहे. त्याच्याकडे अजून कुणी पाहिलेलं नाही. भवानीनगरात तो शोधायचा तर फार लांब जावं लागत नाही. आठ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे म्हणजे रस्त्याच्या मधल्या पट्ट्याच्या आसपास. तिथे समोरून दूध घालायला निघालेला मोटरसायकलवाला असतो. दोन्ही बाजूंना किटल्या, आणि डोळा जवळजवळ नियमात सांगितलेल्या उंचीवर. असा आज्ञाधारक नागरिक मिळायचा नाही! शिवाय ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २० मीटर कापते. म्हणजे कायद्याचे ते ८ मीटर अर्ध्या सेकंदाच्या आतच संपतात. दूधवाल्याने तेवढ्यात दिपायचं, सावरायचं आणि किटल्याही सांभाळायच्या.

बरं, फोकस खाली घेणं ही काही मोठी विद्या नाही. गाडी सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करायची, टायरात हवा नीट असावी, चालकाच्या जागी माणूस बसलेला असावा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारायची. डिप्परचा वरचा काठ त्या रेघेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली आला पाहिजे. डावीकडे तो थोडा चढला तर हरकत नाही, कडेने चालणारा त्यातच दिसतो. दिव्यामागे एक स्क्रू असतो, तो फिरवायचा. दिवा जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर असेल, तर काठ ७० मीटरवर रस्त्याला टेकतो. इतकं पुरतं. चिपच मुळात चुकीच्या जागी असेल तर मात्र हा स्क्रू किती फिरवला तरी काठ सापडत नाही, मग बल्बच काढायचा.

प्रत्यक्षात काय होतं? भर दुपारी, दुकानापासून चार फुटांवरच्या, खताची जाहिरात रंगवलेल्या भिंतीवर लाईट मारली जाते. दुकानातलं पोरगं म्हणतं, ‘‘एक नंबर!’’ गाडीचे मालक मोबाईलमध्ये फोटो काढतात. पोराने चुकून विचारलंच, ‘‘फोकस खाली घेऊ का?’’ तर मालक म्हणतात, ‘‘खाली कशाला? पैसे मोजलेत.’’

बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं एक चाक असतं. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत पोती भरली, की गाडीचं नाक वर उठतं. तेव्हा हे चाक फिरवून झोत खाली घ्यायचा. ते शून्यावर जन्मतं आणि शून्यावरच गाडीबरोबर भंगारात जातं. एसीचं समजून कुणी फिरवलंच, तर ‘गार होईना’ म्हणून पुन्हा जागेवर आणतं.

आणि हा सगळा उजेड कुणासाठी? गळीत हंगामात याच रस्त्यावरून ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाचे डोंगर घेऊन चाललेल्या असतात आणि मागे लाल दिवा म्हणून काही नसतं! रिफ्लेक्टर चिकटवल्याचे फोटो हंगामाच्या तोंडावर पेपरात येतात, मग तो रिफ्लेक्टर चिखलाखाली जातो. बैलगाडीला तर तेवढंही नाही. पहाटे गाडीवान पेंगत असतो, बायको उसावर लेकरू घेऊन बसलेली असते. समोरून लाईट आली की मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ही गाडी दिसतच नाही, थेट लागते. ज्याला उजेडाची गरज आहे त्याच्याकडे बॅटरीसुद्धा नाही, आणि ज्याच्याकडे आहे तो बाभळी उजळतोय. धुराची तपासणी होते, तिचा कागद मिळतो, कागद नसला तर दंड होतो. खासगी गाडीचा झोत कुठे पडतो हे मात्र पंधरा वर्षांनी नोंदणी वाढवायला नेईपर्यंत कुणी विचारत नाही. पंधरा वर्षं!

काळी फिल्म २०१२पासून बंद आहे, तरी सगळ्यांत प्रखर लाईट ज्या गाडीची, काचा तिच्याच काळ्या असतात. मालकांना समोरच्यांच्या लाईटचा त्रास होतो ना. रात्री घालायचा पिवळा चष्माही त्यांनी मागवून पाहिला, पण फरक पडला नाही. आता त्यांनी टपावर आडवी लाईटबार बसवायची ठरवली आहे. दुकानदाराने शनिवारी बोलावलंय.