वेलांटीबाई

विट्यापासून एसटीनं तासाभरावर आमची वाडी आणि वाडीच्या टोकाला जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. म्हणजे मुलांना लिहितं करायचं काम माझं आणि लिहिल्याचा जाब विचारायचं बाईंचं. बाईंना रीतसर नाव आहे, पण ते पगारपत्रकापुरतं. वाडीत त्यांना वेलांटीबाई म्हणतात. नाव पोरांनी ठेवलेलं, आता पोस्टमनही तेच घेतो. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "‘टी’ची वेलांटी दुसरी काढतात ना?"

अशी एक बाई किंवा असे एक गुरुजी प्रत्येक तालुक्यात असतात. लग्नपत्रिका हातात पडली की ही माणसं मुहूर्त बघायच्या आधी खिशातलं पेन काढतात. चौकातल्या फ्लेक्सवर दादांचा वाढदिवस ‘हार्दीक’ शुभेच्छांनी साजरा होत असला की यांचा दिवस खराब जातो. आमच्या बाईंनी तर ‘भावपुर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स छापणाऱ्याला भर बाजारात थांबवून सांगितलं होतं, "मेलेल्या माणसाच्या वाट्याला निदान ‘पूर्ण’ तरी पूर्ण येऊ द्या." तो म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी नक्की." यावर मयताच्या घरच्यांना काय वाटलं असेल ते असो.

बाईंच्या टेबलावर वाळंब्यांचं व्याकरण असतं आणि काचेखाली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम. १९६२ सालचे १४ आणि १९७२ मध्ये जोडलेले ४. अठराही मुखोद्गत. गीतेचे अध्यायही १८च आहेत, हा योगायोग आहे असं त्या मानत नाहीत. पण नियम सांगायची त्यांची तऱ्हा काचेखालची नाही. ‘मूल’मधला उकार दुसरा आणि ‘मुलाला’मधला पहिला, हे असं का, म्हणून एकदा चौथीतल्या एकानं विचारलं. बाई म्हणाल्या, "एसटीच्या बाकावर एकटा असलास की कसा पाय पसरून बसतोस? शेजारी कुणी येऊन टेकलं की पाय जवळ घेतोस ना? तसंच. ‘ला’ येऊन टेकला की ‘मू’ पाय जवळ घेतो." उपान्त्य आणि सामान्यरूप हे शब्द न वापरता हा नियम सांगितलेला मी तरी दुसरीकडे ऐकलेला नाही. आता आमच्या शाळेत कुणी ‘मूलाला’ लिहिलं तर शेजारचा ओरडतो, "पाय जवळ घे!"

बाईंना तोडीस तोड असा वाडीत एकच माणूस आहे, चौथीतल्या एका पोरीचे पणजोबा. ऐंशी कधीच ओलांडली. शाळा बासष्टच्या आधी झालेली, त्यामुळे हात ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’वर टिंब दिल्याशिवाय पुढं सरकत नाही. पणतीचा गृहपाठ तेच तपासतात. बाई टिंबं खोडतात, म्हातारा निळ्या शाईत ती परत देतो. शेवटी बाईंनी समासात लिहिलं, "अनुच्चारित अनुस्वार १९६२ पासून देत नाहीत." दुसऱ्या दिवशी त्याखाली उत्तर होतं, "आम्ही त्याआधीचे आहों."

इथवर वाचून कुणालाही वाटेल की अशा बाईंच्या हाताखाली पोरं धास्तावून दोन ओळींत निबंध उरकत असणार. तसं होतंही. लाल शाईला भ्यालेलं पोर आपल्याला काय वाटतं ते लिहीत नाही, आपल्याला जे शब्द बिनचूक येतात तेवढेच लिहितं. मग सगळ्यांची सहल ‘छान’ होते आणि सगळ्यांची आई ‘चांगली’ असते. बाईंना हे माझ्या फार आधी कळलेलं. म्हणून निबंधाच्या दिवशी त्या लाल पेन माझ्याकडे ठेवायला देतात. पहिल्या दिवशी फक्त मजकूर वाचायचा, चूक दिसली तरी गिळायची, पेन दुसऱ्या दिवशी. मी मागितलं तरी देऊ नका, अशी ताकीद. एकदा मधल्या सुट्टीत आल्या आणि म्हणाल्या, "सर, पाच मिनिटं द्या." मी दिलं नाही. संध्याकाळी वह्या रचताना बघितलं, तर एका वहीत ‘दिवाळि’च्या खाली कागदाला नखाची खोल रेघ.

मजकुराच्या बाबतीत मात्र बाईंची दहशत आणखी जबर आहे. ‘माझा आवडता प्राणी’ दिला, तर झाडून सगळ्यांनी गाय लिहिली. वाडीत गाई मोजून चार आणि शेळ्या घरटी. पण गाइडात गाय असते, आणि गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी असतो. बाईंनी वर्गाला विचारलं, "गाय कुणी कुणी बघितलीय?" सगळे हात वर. "उपयुक्त कुणी बघितलंय?" हात खाली.

त्या दिवसापासून तिसरी-चौथीत काही शब्दांना बंदी आहे. उपयुक्त, निसर्गरम्य, अतिशय, आणि निबंधाच्या शेवटी येणारं ‘म्हणून मला माझी अमुक फार फार आवडते’ हे अख्खं वाक्य. हे वाक्य मराठी मुलाला कोण शिकवतं याचा मी बराच विचार केला आहे. आईच्या दुधातून येत असावं. बाईंची अट एकच, मला माहीत नाही असं एक तरी सांगा. पुढच्या आठवड्यात एका पोरानं लिहिलं, "आमची शेळी आजीचे ऐकते. माझे ऐकत नाही. तिने परिसर अभ्यासाचे पुस्तक खाल्ले. गणिताचे खाल्ले नाही." बाईंनी ते मला वाचून दाखवलं आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पेन घेऊन गेल्या, पण चूक एकही निघाली नाही. तो दिवस त्यांना जरा जडच गेला.

खरं लिहा म्हटलं की खरं येतं, आणि ते वहीत थांबत नाही. ‘माझे बाबा’ या निबंधात तिसरीतल्या एकानं लिहिलं की बाबांनी कार्तिकीला माळ घातली आहे, पण ते गोठ्यात बिडी पितात, आणि आईला वास येत नाही कारण तिथे शेणाचा येतो. बाईंनी ‘बिडी’ची तेवढी ‘विडी’ केली आणि ‘निरीक्षण उत्तम’ असा शेरा दिला. वही घरी गेली. आईनं वाचली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच बाबा शाळेत.

"काय ओ बाई, पोराला शाळेत घातलाय का पोलिसात? सगळं घर चव्हाट्यावर मांडलंय. मी कधी विडी पीत न्हाई!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "‘पितो’ला पहिली वेलांटी, ‘पीत नाही’ला दुसरी. तुमच्या पोरानं ‘पितात’ पहिली काढलीय, बरोबर आहे. बाकी खरं कोणतं ते घरी ठरवा. मी शुद्धलेखन बघते."

गृहस्थ बराच वेळ दारात उभा होता. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, त्याला परत पयलीत घालता येतंय का?"

आमच्या भागातला घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात. सोन्याचांदीची आटणी करायला कुणी कोइमतूरला, कुणी त्रिचूरला, कुणी पार कोलकात्याला. वर्षातून एकदा, फार तर दोनदा गावी येतात. त्यामुळे पत्रलेखनाचा धडा आला की बाई ‘तीर्थरूप बाबांस’ वहीत लिहून घेत नाहीत, टपालातून पन्नास पैशांची कार्डं आणवतात. कार्डावर जागा थोडी, म्हणून फुगवायला वाव नाही, आणि पोस्टमनही वाचतो, म्हणून अक्षर नीट. एका पोरानं बापाला लिहिलं, "तुम्ही व्हिडिओ कॉलवर रोज जेवलास का विचारता. मी रोज जेवतो. दुसरे काहीतरी विचारा." बापानं कोइमतूरहून खरंच कार्ड पाठवलं आणि दुसरं काहीतरी विचारलं: शेळी व्याली का, विहिरीला पाणी किती, तुझा पुढचा दात आला का. पोरानं ते शाळेत आणलं, बाईंकडून लाल पेन मागून घेतलं, बापाच्या सात चुका काढल्या, खाली ‘बरे. अक्षर सुधारा’ असा शेरा मारला आणि कार्ड पाकिटात घालून परत धाडलं. बाप गावी आला तेव्हा ते कार्ड त्याच्या पाकिटात, नोटांच्या कप्प्यात होतं. दाखवताना मात्र म्हणाला, "सातमधल्या दोन चुका नाहीतच ओ, घाईत वेलांटी पुसली गेलीय."

शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक काळा चौकोन आहे, वर ऑइलपेंटनं ‘सुविचार’ रंगवलेलं. आधी तिथं ‘प्रयत्नांती परमेश्वर’ असायचं, आणि परमेश्वर सहा-सहा महिने पुसला जायचा नाही. साने गुरुजींनी अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ चालवलं होतं, हे बाईंनी कुठंतरी वाचलं आणि आपलंही दैनिक सुरू करायचं ठरवलं. रोज एका मुलानं काल स्वतः पाहिलेलं एक वाक्य त्या चौकोनात लिहायचं. पहिले काही दिवस ‘काल वानर आले होते’ असं गोडगोड चाललं. मग एका पोरीनं लिहिलं, "पंचायतीची मोटर जळून आठ दिवस झाले." येणारे-जाणारे गाडी थांबवून वाचायला लागले. सरपंच स्वतः आले. बाईंना म्हणाले, "बाई, सुविचार लिहा की. पोरांना वळण लागतं." बाई म्हणाल्या, "मथळा सुविचारच आहे." दुसऱ्या दिवशी त्याच पोरीनं लिहिलं, "मोटर अजून जळालेलीच आहे." तिसऱ्या दिवशी मोटर बसली. त्या दिवशीचा सुविचार कुणी लिहायचा यावरून पोरांची मारामारी झाली.

मास्तर लोकांचं लिहिणं हा वेगळाच विषय आहे. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि निबंध लिहायची पाळी आमच्यावर आली. प्रत्येक मुलाविषयी, प्रत्येक विषयात वर्णनात्मक नोंद. लगेच तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, मग पीडीएफ फिरू लागल्या. ‘आपले अनुभव स्वतःच्या शब्दांत सांगतो’ हे वाक्य आम्ही सगळे दुसऱ्याच्या शब्दांत उतरवून काढतो. पोरांची गाय आणि आमची नोंद, दोघी एकाच गोठ्यातल्या. बाई तेवढ्या स्वतः लिहितात. "‘आणि’शिवाय वाक्य संपवता येत नाही. बोलताना जीव घाबरा होतो, ऐकणाऱ्याचाही." "खोटे लिहिताना अक्षर वळणदार येते. खरे लिहू लागला की बिघडते. सध्या अक्षर वाईट आहे, प्रगती समाधानकारक."

केंद्रप्रमुख साहेबांनी हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "मॅडम, या नोंदी नमुन्यात बसत नाहीत."

"मुलंही बसत नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि साहेब, तुमच्या पत्रात ‘निपूण भारत’ लिहून आलंय. निपुणला पहिला उकार."

साहेब माणूस चांगला. पण चांगल्या माणसालाही उकार लागतोच. त्यांनी ताडकन उठून फळ्यावर विषय लिहिला, ‘आमच्या बाई’, आणि म्हणाले, पाच ओळी, दहा मिनिटं, बघू काय शिकवलंय ते. वह्या जमल्या. साहेबांनी वरचीच उचलली, ती नेमकी पणजोबांच्या पणतीची, आणि मोठ्यानं वाचली: "आमच्या बाई खिचडीनंतर खुर्चीत झोपतात. तोंड उघडे असते. आम्ही आवाज केला की पहिलीचे सर येतात आणि सांगतात, बाई विचार करत आहेत."

वर्ग चिडीचूप. साहेब माझ्याकडे बघून हसले. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. बाईंनी वही हातात घेतली, दोनदा वाचली. पेन माझ्याकडे होतं, मी न मागता काढून दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"किती वेळ?" त्यांनी पोरीला विचारलं. "झोपतात म्हणजे किती वेळ? अंदाजानं लिहायचं नाही म्हणून सांगितलंय ना? उद्या नीट लिहून आण."

दुसऱ्या दिवशी वही आली, घरून तपासून. "बाई खिचडीनंतर वीस मिनिटें झोंपतात. शनिवारीं सकाळची शाळा असते तेव्हां झोंपत नाहींत." बाईंनी सहाही टिंबं खोडली आणि खाली लाल शाईत विचारलं, "घड्याळ पाहून लिहिलेस का?"