वसुली दौरा

धुळेकराला रेल्वेत निवड करायची सवय नाही, हे आधी लक्षात घ्या. 1900 साली चाळीसगावहून रूळ इथवर आले आणि इथेच दमले. अंतर 56 किलोमीटर. त्यानंतर शंभरावर वर्षं प्रवाशापुढे प्रश्न दोनच होते: गाडी लागली का, आणि चाळीसगावला पुढची सापडेल का. मुंबईची थेट गाडी मिळायला 2023 उजाडलं. मनमाड-इंदूर मार्गाच्या नावावर इथे किती निवडणुका पार पडल्या ते विचारू नका. 2019 च्या फेब्रुवारीत धुळे-नरडाणा टप्प्याची पायाभरणी झाली, 2024 च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने 309 किलोमीटरच्या मार्गाला 18,036 कोटींची मंजुरी दिली, आणि आम्ही नव्या दमाने वाट बघायला लागलो.

अशा गावच्या माणसाला कुणी विचारलं की पास सलग हवा की फ्लेक्स, तर त्याची झोप उडणारच. आमच्या कॉलनीतल्या नानांची उडाली आहे.

नाना जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. पुण्याला आयटीत असलेल्या मुलाने आईवडिलांना स्वित्झर्लंडला पाठवायचं ठरवलं, विमान आणि हॉटेल त्यानेच काढलं, आणि ‘तिथल्या रेल्वेच्या पासचं तेवढं तुम्ही बघा’ असं म्हणाला. रोखापालाला तिजोरीची किल्ली दिल्यासारखंच झालं हे. तेव्हापासून देवपुरातल्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. एरवी कापसाचा भाव नि पालिकेचं पाणी यापलीकडे न जाणारी मंडळी आता ‘युरेल घेतला तर फ्रान्समध्ये आरक्षण वेगळं पडतं हो’ असं एकमेकांना सांगतात. त्यातल्या निम्म्यांचा पासपोर्ट अजून निघायचा आहे.

नानांना या क्षेत्रातला अधिकारी मानतात, त्याला कारण एसटी. महामंडळाने 1988 साली ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ हा पास काढला. नव्वदच्या दशकात नाना काकूंना घेऊन सात दिवसांच्या पासावर निघाले. रात्री गाडीत झोप, पहाटे स्टँडच्या नळावर तोंड, दर्शन, वडापाव, पुढची गाडी. लॉजचा खर्च शून्य. परत आल्यावर त्यांनी पासाची किंमत एका बाजूला आणि सुट्या तिकिटांची बेरीज दुसऱ्या बाजूला मांडून वही कॉलनीभर फिरवली होती. काकूंना त्या दौऱ्यातला एकही देव धड आठवत नाही. कोल्हापूरचा फलाट मात्र आठवतो, तिथे त्यांची पिशवी राहिली होती.

तीच वही आता पुन्हा निघाली आहे. पहिला नंबर युरेलचा. हा पास 1959 पासूनचा, खास युरोपाबाहेरच्या लोकांसाठी, आज 33 देशांत चालतो. 33 हा आकडा ऐकून नाना इतके हरखले, की काकूंना दिवसाला तीन देश दाखवायचा बेत कागदावर उतरलाही. पण पास असला तरी फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांत जागेचे पैसे वेगळे मोजावे लागतात, हे कळल्यावर चेहरा उतरला. ‘आरएसी तरी असते का?’ त्यांनी विचारलं. नसते.

तरीही युरेलने त्यांना एक धक्का सुखाचा दिला. साठी ओलांडलेल्या प्रवाशाला तिथे दहा टक्के सूट आहे. नाना दोन मिनिटं बोलले नाहीत. आपल्याकडे पुरुषांना 40 आणि बायकांना 50 टक्के सवलत होती, ती 2020 च्या मार्चमध्ये करोनाच्या नावाने थांबली. करोना गेला, सवलत काही परतली नाही. वर आपली रेल्वे तिकिटावरच छापायची, की प्रवासखर्चातले सरासरी 57 टक्केच आम्ही तुमच्याकडून वसूल करतो. म्हणजे चाळीसगावला उतरताना म्हाताऱ्याने जरा लाजत उतरावं. तात्पर्य, भारतीय ज्येष्ठाला रेल्वेत वयाचा मान हवा असेल तर त्याने व्हिसा काढावा. एसटीचं बरं आहे, पंच्याहत्तरी गाठली की 2022 पासून तिकीटच नाही. नाना त्या दिवसाची वाट बघतात, तब्येतही त्यासाठीच जपतात.

मधेच कुणाच्या तरी भाच्याने जपानचं पिल्लू सोडलं. पण सात दिवसांचा जपानी पास 2023 च्या ऑक्टोबरात 29,650 येनवरून थेट 50,000 वर गेला. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन केलं तरी सुटी तिकिटं 28,000 च्या आसपास होतात. शिवाय सगळ्यात वेगवान ‘नोझोमी’त बसायचं तर पासावर आणखी पैसे. ‘वसूलपात्र रक्कम बुडीत,’ असा शेरा मारून नानांनी जपान निकालात काढला. एका देशाचा विषय इतक्या झटपट संपल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

राहिला स्विस ट्रॅव्हल पास. तो तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा मिळतो. सलग घ्या, किंवा महिनाभरात हवे ते दिवस निवडा. तो फ्लेक्स, अर्थात महाग. नानांना फ्लेक्सची कल्पनाच पटेना. ‘मधल्या दिवशी माणसाने करायचं काय? बसून राहायचं?’ सुटीला गेलेला माणूस बसून राहू शकतो, हे त्यांना समजावणारा कॉलनीत कुणी निघाला नाही.

सलग आठ दिवस ठरले. मग तक्ता झाला. या पासावर रेल्वे, बस, सरोवरातल्या बोटी, गावातल्या ट्राम सगळं चालतं, रिगीचा डोंगरही फुकट. म्हणून रिगी तक्त्यात दोनदा आहे, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. युंगफ्राऊ मात्र ग्रिंडेलवाल्डपर्यंतच पासात बसते. वर जायला फक्त 25 टक्के सूट. नानांनी याला लेखाआक्षेप घेतला आहे. टिटलिसला निम्मं तिकीट पडतं, आणि वर शाहरुख-काजोलचा पुठ्ठ्याचा कटआउट आहे म्हणतात, त्यामुळे काकूंच्या आग्रहाखातर ती रक्कम ‘किरकोळ’ या सदरात टाकण्यात आली.

खरा कळस वस्तुसंग्रहालयांचा. पासावर 500 हून जास्त संग्रहालयं फुकट. नानांनी त्यातली आठवड्यात 19 बसवली: घड्याळांचं, चीजचं, वाहनांचं, जे रुळाच्या जवळ असेल ते. आता, इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली याच धुळ्यात गेले; त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ, त्यातली हस्तलिखितं, जुन्या वस्तू, सगळं नानांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. नाना तिथे आजवर गेलेले नाहीत. आम्ही छेडलं तर म्हणाले, ‘तिथे पास कुठे लागतो?’

नातवालाही नेण्याचा घाट मधे घातला गेला, कारण सोळाच्या आतल्या मुलाला आईबापांसोबत स्वित्झर्लंडात रेल्वे फुकट. तेरा वर्षांच्या त्या पोराच्या विमानाला पूर्ण तिकीट पडतं, आणि फुकटाची अट आजी-आजोबांना नव्हे तर आईबापांना आहे, हे सुनेने कळवल्यावर ती बचत रद्द झाली.

तक्ता काकूंच्या हातात पडला तेव्हा आम्ही तिथे हजर होतो. पहाटे 6:02 ची गाडी, 7:40 ची बोट, 8:55 ला चीज. काकूंनी चष्मा वर करून खालपर्यंत वाचलं. काकू एरवी शुद्ध बोलतात, पण रागावल्या की अहिराणीवर येतात. ‘मी नही येस,’ म्हणाल्या आणि वाळत घातलेले बिबडे आत आणायला गेल्या.

आठवडाभर कट्ट्यावर शांतता होती. मग काकूंनीच भाचीकडून चौकशी केली आणि त्यांना हाफ फेअर कार्ड सापडलं. महिनाभर चालतं, ज्या दिवशी जिथे जावंसं वाटेल तिथलं तिकीट निम्म्यात, युंगफ्राऊलासुद्धा. नाही जावंसं वाटलं तर नाही. 2023 पासून एसटीत अर्ध्या तिकिटावर माहेर, शेगाव आणि वणी केलेल्या बाईला यात समजावण्यासारखं काही उरलेलं नाही. इंटरलाकेनच्या बाकावर बसून त्या डोंगराकडे बघणार आहेत, आणि बाकाला तिकीट नसल्याची त्यांनी खात्री करून घेतली आहे.

तेव्हा निर्णय असा झाला: नानांचा आठ दिवस सलग, काकूंचं हाफ फेअर. दोघं दिवसा वेगवेगळे फिरतील, रात्री एकत्र जेवतील. शेवेची पुडी काकूंच्या पिशवीत राहील, त्यामुळे नाना वेळेवर परततील असा काकूंचा अंदाज आहे. खोलीही एकच आहे. ती वेगळी करण्याचा विषय निघाला होता, पण नानांनी हिशोब मांडला आणि दोघांची मिळून एक खोली स्वस्त पडते असं सप्रमाण दाखवून दिलं.