चालतं आणि चालत नाही

आमच्या घरी जगातल्या समस्त खाद्यवस्तूंचे दोनच वर्ग आहेत: उपासाला चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या. निवाडा आत्याचा. वरई चालते, तांदूळ चालत नाही. जिरं चालतं, मोहरी चालत नाही. कोथिंबिरीवरून तर आमचं आणि काकूच्या माहेरचं अजून जमलेलं नाही. त्यांच्याकडे ती खिचडीवर राजरोस पडते.

इंजिनिअर भाच्याने यामागचा नियम शोधायचं मनावर घेतलं. "तृणधान्य वर्ज्य," तो म्हणाला. मग वरई काय आहे? तृणधान्यच. "बरं, कंद चालतात." मग कांद्याने काय घोडं मारलंय? आत्या फक्त एवढंच म्हणाली, "चालत नाही म्हणजे चालत नाही." मुळाचा विचार करावा, तर बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कसावा, ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली. ती समुद्र ओलांडून आली आणि थेट एकादशीच्या ताटात जाऊन बसली. इथलीच तूर बिचारी डब्यात.

आत्याला ठाऊक नाही, पण मानसशास्त्र तिच्या बाजूचं आहे. एलिनॉर रॉश या अमेरिकन विदुषीने 1970च्या दशकात विद्यार्थ्यांना विचारलं, कोणता पक्षी किती 'पक्ष्यासारखा' वाटतो? रॉबिन पहिल्या रांगेत आला, पेंग्विन पार तळाला. म्हणजे आपण डोक्यात व्याख्या बाळगत नाही. एखादा ठसठशीत नमुना धरतो आणि बाकीच्यांना त्याच्या जवळ-लांब बसवतो. उपासाचा रॉबिन म्हणजे साबुदाण्याची खिचडी. पेंग्विन म्हणजे भेंडी: काही घरांत चालते, पण जरा अवघडूनच.

पुढे 1983 साली लॉरेन्स बार्सालू यांनी आणखी एक जात दाखवली: हेतूपुरते जमणारे वर्ग. घराला आग लागली तर काय उचलाल? पोरं, दागिने, फोटोंचा अल्बम. एरवी यांचा एकमेकांशी काय संबंध? हेतू कळला की यादी मात्र लख्ख पटते.

मग मी आमच्या यादीचा हेतू शोधू लागलो. 'पोटाला विश्रांती' हा काही जुळेना. 'नेहमीपेक्षा चमचमीत खाणे' असा धरला आणि साबुदाणावडा, रताळ्याचा कीस, शिंगाड्याचा शिरा, दाण्याची आमटी, सगळे मुकाट्याने रांगेत उभे राहिले.

तेव्हा आमच्याकडे यायचं असेल तर जेवायला येऊ नका. उपासालाच या, जास्त मिळतं.