ठाकऱ्यांचे लीड्सचे पाव्हणे

लीड्स, इंग्लंड

ती. तात्या व सौ. काकू यांना शि. सा. नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल. पाऊसही खुशाल, तो इथून हलायचं नाव घेत नाही.

तात्या, हिच्या हॉस्पिटलशेजारच्या ‘थॅकरे म्युझियम’समोर काढलेला आमचा फोटो तुम्ही गल्लीच्या ग्रुपवर टाकलात आणि खाली लिहिलंत, ‘ठाकऱ्यांनी लंडनात दवाखाना काढला.’ त्यावर भगव्या झेंड्यांची रांग लागली. देवळाच्या कट्ट्यावर तर बेळगावचा सीमाप्रश्न सुटल्यातच जमा धरलाय, असं आक्का फोनवर सांगत होती. पुढल्या खेपेला गावात आलो की मला जाब विचारतील, म्हणून आत्ताच खुलासा करतो.

हे लंडन नव्हे, लीड्स की ओ! आणि तो दवाखाना नव्हे, वैद्यकशास्त्राचं संग्रहालय, १९९७ साली उघडलेलं. चार्ल्स थॅकरे नावाच्या माणसानं १९०२ साली लीड्समध्ये औषधाचं दुकान घातलं, पुढे कंपनी शस्त्रक्रियेची हत्यारं करू लागली. नाव त्याचं. त्याचा ठाकऱ्यांच्या ‘मातोश्री’शी काही संबंध नाही.

हे आडनाव पक्कं यॉर्कशायरचं. छप्पर शाकारायचं गवत जिथं उगवतं तो कोपरा, असा त्याचा अर्थ, तोही व्हायकिंगांच्या बोलीतून आलेला. म्हणजे आपल्यासारखंच गावावरून पडलेलं. आपल्या काकतीत राहणाऱ्याला कोण काकतीकर म्हणतंय? बेळगावात खोली घेतली की तो काकतीकर! हे थॅकरेही तसेच, गाव सोडलेले. त्यांची मूळ वाडी तर फ्यूस्टनच्या तलावात गेली, आपल्याकडं हिडकल धरणात गावं गेली तशी. त्या तलावाचं पाणी लीड्सला पुरवतात. गाव बुडालं, खरं आडनाव तरंगलं. लीड्स-हॅरोगेटच्या बाजूला थॅकरे पुष्कळ. पाद्र्यानं जसं ऐकलं तसं वहीत उतरवलं, त्यामुळे स्पेलिंगं डझनभर. एका चर्चच्या आवारात नवऱ्याच्या दगडावर थॅकरे आणि शेजारी बायकोच्या दगडावर थॅकरा. मेल्यावरही एकमत नाही!

आता कट्ट्यावर सांगण्यासारखी गोष्ट ऐका. हे आडनाव काकतीला नवीन नाही. राणी चन्नम्मा काकतीच्या देसायांची लेक. कित्तूरचं दत्तक नामंजूर करून संस्थान घशात घालायला धारवाडचा जो कलेक्टर फौज घेऊन आला, आणि २३ ऑक्टोबर १८२४ रोजी किल्ल्यापुढं राणीच्या माणसांच्या गोळीनं आडवा झाला, तो कोण? सेंट जॉन थॅकरे! ‘व्हॅनिटी फेअर’ लिहिणारा विल्यम मेकपीस थॅकरे हा त्याचा पुतण्या. जन्म कलकत्त्याचा, १८११ सालचा, घराणं मूळचं इथल्याच हॅम्प्सथ्वेट गावचं.

त्या पुतण्याच्या लिखाणावर आपले प्रबोधनकार खूश होते, म्हणून त्यांनी ठाकरे आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग त्याच्यासारखं केलं, असं सांगतात. तेव्हा मुंबईचे ठाकरे रक्तानं इथले कुणी नव्हेत, पाव्हणे लागतात ते फक्त इंग्रजी सहीपुरते. काकतीच्या लेकीनं कित्तूरला हे स्पेलिंग पाडलं आणि शंभर वर्षांत ते दादरला उभं राहिलं. आता काकतीचीच पोरं त्याचे फलक धरून मोर्चाला जातात. इंग्रज कसा चिवट असतो ते यावरून बघा.

ग्रुपवरची ओळ तेवढी पुसा. फोटो राहू दे, त्यात मी बारीक दिसतोय.

तुमचा,
बंडू

ता. क. : पुढचा फोटो स्मिथ नावाच्या दुकानापुढचा येईल. स्मिथ म्हणजे लोहार, देशातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. ते आपल्या मेस्त्रींचे कोण लागतात, हे ग्रुपवर टाकण्याआधी मला एक फोन करा. आणि कुंदा पाठवणार असाल तर डबा घट्ट बांधा.