सुती, सिंथेटिक आणि तात्पुरता

नगरच्या कापड बाजारात मालाचे वर्गीकरण पूर्वापार पक्के आहे: लग्नसराईचा, दिवाळीचा आणि सेलची पाटी लागल्याशिवाय न हलणारा. जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले, ही वर्गवारी बदलली नाही.

आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरचा आराखडा करणाऱ्यांची वर्गवारी मात्र भलतीच. अमेरिकेच्या एनएफपीए १३ या मानकात मालाचे चार वर्ग, शिवाय प्लास्टिकचे अ, ब, क गट. लाकडी पॅलेटवरच्या खोक्यांतली काचभांडी पहिल्या वर्गात, सुती कापड तिसऱ्यात. पॅलेट प्लास्टिकचे निघाले की तोच माल एक-दोन वर्ग वर चढतो. इतकी सोपी बढती सरकारी नोकरीतही नाही. पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली पहिल्या वर्गात, रिकामी थेट धोकादायक अ गटात. रिकाम्यांचा उपद्रव जास्त, हे शास्त्रानेही मान्य केले म्हणायचे.

महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा ठाकठीक असल्याचा दाखला जानेवारीत आणि जुलैत द्यायचा. दिवाळी नेमकी दोहोंच्या मध्ये येते. आराखडा सुती कापडाचा, आणि ऑक्टोबरात छतापर्यंत फोमच्या गाद्या, प्लास्टिकची तोरणे. स्प्रिंकलरखाली दीड फूट मोकळी जागा हवी असते. एवढ्या जागेचे भाडे कोण भरणार?

दुकानदाराला विचारा. तो शांतपणे सांगेल, "माल तात्पुरता आहे हो, पाडव्यापर्यंत निघून जाईल." तोवर आगीनेही कळ काढावी, एवढीच त्याची माफक अपेक्षा.