साग आहे, साग!

आमच्या जव्हारच्या घराची माडी सागवानी फळ्यांची आहे, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर आपली अजून ओळख झालेली नाही. पाहुण्याने पाणी मागितलं तरी मी ते माडीवर नेऊन देतो. त्याचा घोट चालू असताना टाचेने फळीवर ठोकतो आणि म्हणतो, ‘साग.’ एवढ्यावर थांबेन तर मी कसला! 1664च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथल्या शिरपामाळावर थांबले होते. तेव्हा या फळ्या झाडाच्या रूपात जवळच कुठेतरी उभ्या असतील आणि त्यांनी महाराजांना पाहिलं असेल, असंही ऐकवतो. मुकणे राजांच्या जयविलास राजवाड्याचं लाकूड आणि आमचं लाकूड एकाच रानातलं, हे त्यापुढचं वाक्य. पुरावा कशाचाच नाही. साग बोलत नाही, ही त्याची मेहेरबानी.

अडचण एवढीच, की तो साग दिसत नव्हता. आजोबांच्या काळात त्याच्यावरून भाताची पोती ओढली गेली आणि वडिलांच्या काळात त्याला ऑइलपेंट बसला. तोही तपकिरी, म्हणजे लाकडाला लाकडाचाच रंग. “अहो, ‘हा साग आहे’ अशी पाटी लावा. स्वस्तात होईल,” असं सौभाग्यवतींनी सुचवलं. मी फळ्या घासून काढायचं ठरवलं.

सुतारदादांना बोलावलं ते खरं तर त्यांनी माझी कामगिरी पाहावी म्हणून. व्हिडिओ पाहून मी तयारच होतो. रंग आधी पटाशीने खरवडायचा. खिळ्यांची डोकी फळीच्या आत ठोकून घ्यायची, नाहीतर कागद फाटतो. मग पॉलिश पेपर: आधी 60 नंबर, मग 80, मग 120, शेवटी 220. इथे नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. घासायचं ते लाकडाच्या रेषेच्या दिशेने; आडवं घासलं की ओरखडे उठतात आणि पॉलिश चढल्यावर ते जास्तच उठून दिसतात. हे सगळं मी दादांना समजावून सांगितलं. आयुष्यभर हेच करत आलेल्या त्या माणसाने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, साग धार खातो. रंध्याची दोन पाती जास्त आणा.” सागात वाळूचा बारीक अंश असतो, त्याने हत्यार बोथट होतं. व्हिडिओत हे नव्हतं.

भाड्याने आणलेलं घासायचं मशीन सुरू झालं की वीज जायची, म्हणून काम हातावर आलं. मी गॉगल, मास्क, हातमोजे घालून कोपऱ्यात बसलो. सागाचा भुसा नाकाला फार झोंबतो. तो फळ्यांच्या फटींतून खालच्या खोलीत, वाळत घातलेल्या नागलीच्या पापडांवर पडत होता, हे मला खालून आलेल्या हाकेवरून कळलं. त्या हाकेत ‘अहो’ नव्हतं.

दादांच्या हाताखाली मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा पोरगा होता. माझी एक फळी व्हायच्या आत त्याच्या तीन होत. दुपारी त्याने विचारलं, “सर, घासून झालं की सारवायचं ना?”

मी हसलो. दादा हसले नाहीत. जुन्या वाड्यांत कडीपाटाच्या फळ्यांवर मातीचा थर देत आणि वरून शेणाने सारवत, हे मलाही ठाऊक होतं. फक्त त्या घडीला आठवत नव्हतं. फळी होती ती मातीचा भार पेलायला, पाहुण्यांना दाखवायला नव्हे!

आता सारवणाचा विषय निघालाच आहे तर मला आवरू नका. जमीन करायची तर मुरूम पसरतात, पाणी मारतात, धुमसाने ठोकतात, चोपण्याने चोपून गुळगुळीत करतात. मग सारवण. शेण ताजं हवं. पाण्याचा अंदाज हाताला असतो; पातळ झालं तर ओघळतं, घट्ट राहिलं तर पोपडे सुटतात. सुरुवात आतल्या कोपऱ्यातून आणि सरकत यायचं दाराकडे, नाहीतर सारवणारी बाई ओल्या जमिनीच्या पलीकडे कोंडली जाते. हात अर्धवर्तुळात फिरतो, बोटांचे वळसे उमटतात आणि एक वळसा दुसऱ्यात मिसळून जातो. 60 नाही, 80 नाही, 220 नाही. सगळे नंबर एका तळहातात. वाळल्यावर पायाला गार लागतं. माझी आजी सारवून झालं की दारात उभी राहून आपलंच काम न्याहाळायची. म्हणजे घराण्यात मिरवायचा शौक आहे, फक्त तिचं काम तिने स्वतः केलेलं असायचं.

हल्ली शहरातून येणारे लोक सारवलेल्या जमिनीचे फोटो काढतात आणि ‘किती अस्सल!’ म्हणतात. मला याचा राग येतो, तो त्या पोराचं ऐकल्यापासून. त्याने सांगितलं, की दिवाळी झाली की त्याच्या घरचे सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत विटा पाडायच्या. जव्हार-मोखाड्यातले पाडेच्या पाडे असे निम्मं वर्ष ओस पडतात. करवीच्या कुडाला कडी लावून घर मागे राहतं. परत येतात तेव्हा भुई भेगाळलेली, भिंतीच्या कडेने वाळवी. त्याची आई आधी शेण आणते, जमीन सारवते आणि मग चूल पेटवते. उन्हाळ्यात त्या सारवणाला लागणारं पाणीही लांबून डोक्यावर आणावं लागतं. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मात्र याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला आहे. पोरगा हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. कागद फिरवत सांगत होता आणि त्याची चौथी फळी झाली होती.

पॉलिशवरून माझा आणि दादांचा वाद झाला. मला आरशासारखं लाखेचं पॉलिश हवं होतं. “दमट हवेत लाख पांढरी पडते, आणि आपल्याकडे पाऊस किती?” त्यांनी विचारलं. शेवटी बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, लावलं. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवायच्या नाहीत, त्या आपोआप पेटू शकतात, हेही त्यांनीच सांगितलं. फळ्यांचा रंग मधासारखा निघाला. पाहुण्यांसमोर मी ‘घासलं’ म्हणतो. कोणी घासलं ते सौभाग्यवती सांगतात.

तुमच्याही घरी जुन्या फळ्या असतील आणि घासायच्या मनात असेल, तर लाकूड कोरडं लागतं, म्हणजे दिवाळीनंतरचे दिवस. नेमकं तेव्हाच आमच्याकडे हाताखालचं माणूस मिळत नाही. शिमग्याला मंडळी येतात, उन्हाळा सरता सरता घरं शाकारायला परततात. सुतार आधी सांगून ठेवा, पापड दुसरीकडे वाळत घाला आणि मजुरी रोजच्या रोज द्या.